पहिल्या घावाची कलेजी

त्या सकाळी आठच्या आत एकघावने दोन दात, एक दार आणि वजनकाट्याची काच फोडली होती, आणि अजून त्याचा चहा व्हायचा होता. दात काटेवाल्याचे. दार स्वतःच्याच घरचं. काच मात्र खाटीकखान्याची, म्हणून मुकादमाला तेवढ्याचंच वाईट वाटलं.

"दात काय, आज ना उद्या पडलेच असते," रक्ताच्या चुळा भरणाऱ्या काटेवाल्याची पाठ थोपटत मुकादम म्हणाला. "काच कुठून आणू मी?"

काटेवाल्याचा गुन्हा एवढाच, की त्याने विचारलं होतं, "काय रे, डोकं दुखतंय का?"

डोकं दुखत होतंच. दोन महिने झाले, कोणीतरी आत बसून कवटी दुभंगायला बघतंय आणि त्याला ते काम येत नाहीये, असं दुखत होतं. एका घावात उरकलं असतं तर एकघावची काही तक्रार नव्हती. नवशिक्याची खुटखुट त्याला आयुष्यात कधी सहन झाली नाही.

एकघाव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. खरं नाव हजेरीला पुकारलं की तोच इकडेतिकडे बघायचा, कोण नवीन आलंय म्हणून. नाव पडलं ते सत्तुरामुळे. खाटीकखान्यात भोंगा झाला की दिवसाचं पहिलं सोललेलं जनावर आकड्यावरून सरकत पुढे यायचं, मागच्या पायांवर उलटं टांगलेलं, माणसापेक्षा हातभर उंच. त्याचा मणका वरून खालपर्यंत उभा चिरायला चांगल्या खाटकालाही आठ-दहा घाव लागत आणि मधे एकदा घाम पुसावा लागे. एकघाव दोन्ही हातांनी सत्तूर डोक्यामागे न्यायचा, पोटातून एक हुंकार काढायचा, आणि जनावराचे दोन भाग भांडण झालेल्या भावांसारखे दोन बाजूंना तोंडं फिरवून उभे राहायचे. असं सांगतात की एकदा घाव इतका साफ बसला, की जनावराला दुपारपर्यंत कळलंच नाही आपले दोन झालेत ते. सोललेल्या जनावराला काय कळणार, असं विचारणारा एकजण निघाला होता. त्याचा उजवा कान आजही डाव्यापेक्षा खाली आहे.

ज्याने पहिला घाव घालायचा, त्याने त्या जनावराची कलेजी खायची. तिथेच, सगळ्यांसमोर, लोखंडी पत्र्यावर मीठ टाकून भाजलेली. आधी कलेजी, मग सत्तूर. हे कोणी ठरवलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण एवढं सगळ्यांना ठाऊक होतं की कलेजीला नाही म्हटलं की सत्तूर गेला. एकघावच्या आधी तो मान थोरल्या खाटकाचा होता. एके सकाळी त्याचं पोट बिघडलं आणि तो पत्र्याकडे बघून म्हणाला, "आज नको." एवढंच. त्या दोन शब्दांवर सत्तूर एकघावच्या हातात आला. त्याला अकरा वर्षं झाली. थोरला खाटीक तेव्हापासून मागच्या मोरीवर आतडी धुतो. येणारा-जाणारा पोरगासुद्धा त्याला म्हणतो, "काय थोरले, आज नको का?"

एकघाव यमाला भीत नव्हता. त्या मोरीला भीत होता.

आणि नेमकी त्याचीच किडनी बसली. आधी पाय सुजले, मग ओकाऱ्या, मग श्वास पुरेना. डॉक्टरीणबाईंनी डाव्या मनगटावर छोटं ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या. त्याला फिस्टुला म्हणतात. शीर चांगली अंगठ्याएवढी फुगली, आणि आठवड्यातून तीन दुपारी तिच्यात दोन जाड सुया खुपसून मशीनवर रक्त धुणं सुरू झालं. घेऊन जायला मेहुणा. हा बायकोचा धाकटा भाऊ, खाटीकखान्यातच दुसऱ्या नंबरचा खाटीक, अंगाने काडी, मणका चिरायला मोजून नऊ घाव. एकघाव त्याला माणसांत धरत नव्हता, पण स्कूटर त्याच्याकडे होती.

डॉक्टरीणबाईंची एक पद्धत होती. डायलिसिस सुरू होणाऱ्या प्रत्येकाचं रक्त पहिल्याच दिवशी घेऊन अंगात कुठलं जीवनसत्त्व किती शिल्लक आहे ते तपासायचं. एकघावचा कागद आला तेव्हा त्या दुसऱ्या पेशंटपाशी होत्या, म्हणून त्याने सिस्टरच्या टेबलावरून तो स्वतःच उचलला. वाचायला फार लागतच नव्हतं. 'डी'पुढे खाली बाण. 'बी'ची दोन-तीन भावंडं, सगळ्यांपुढे खाली बाण. 'सी'पुढे खाली बाण. सगळं खानदान माना टाकून बसलेलं, आणि त्यांत एकटा 'ए', बाण वर!

"हा 'ए' कशात असतो?" त्याने सिस्टरला विचारलं.

"कलेजीत सगळ्यात जास्त," सिस्टर सुई उघडता उघडता म्हणाली.

झालं. एकघावने तिथल्या तिथे हिशेब मांडला. कलेजी खातो म्हणून हा एक वर आहे. बाकीचे खाली आहेत, कारण कलेजी कमी पडते. कलेजी वाढवली की ते पण येतील वर. अकरा वर्षांत त्याला डोक्याने काही सुचल्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्याने ते कोणाला विचारलं नाही. पहिल्या जनावराची कलेजी तर तो खातच होता, दुसऱ्या दिवसापासून वर दुपारी डबा भरून घरी नेऊ लागला.

दोन महिन्यांत तो असा झाला की सावलीने वाटेत पाय घातला तरी तिला तुडवायचा. तळहाताची सालं निघू लागली. ओठ चिरले. केस उशीवर राहायचे आणि तो उठून जायचा. रात्री हाडं ठणकायची, सकाळी माणसं. एकाला त्याने आतड्यांच्या पिंपात उलटा घातला. बर्फ फोडणाऱ्याला बर्फाच्या लादीवर आपटलं, तर लादी फुटली. "वाचली तुझी मेहनत," असं वर त्यालाच ऐकवलं. घरी बायको म्हणाली, "अहो, कलेजी जरा कमी करा," तर याने दाराला लाथ घातली आणि दार बिजागरीसकट अंगणात. बायकोने शांतपणे चुलीवरची कढई उतरवली, आतली भाजी ताटात काढून ठेवली, आणि रिकामी कढई त्याच्या कपाळावर हाणली.

"दार बसवल्याशिवाय जेवण नाही," ती म्हणाली.

तिचाच तो भाऊ, पण नऊ घाव लागायचे. रक्तात कुठे काय जातं सांगता येत नाही.

तर दात, दार आणि काच फुटली त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या तपासणीचा कागद आला. एकघाव मशीनवर आडवा. शेजारी स्टुलावर मेहुणा. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या त्या तरातरा.

"हे काय आहे?"

'ए'पुढे या वेळी दोन बाण होते. एकघावने छाती फुगवली. "अव्वल!"

"काय खाता तुम्ही?"

"जेवण."

"जेवणात काय?"

"अन्न."

मेहुणा छताकडे बघत म्हणाला, "कलेजी खातात, बाई. रोज. आता तर दोन वेळा." आणि लगेच स्टुलासकट भिंतीशी गेला, कारण एकघावचा उजवा हात मोकळा होता.

डॉक्टरीणबाईंनी स्टूल जागेवर आणलं, मेहुण्याला त्यावर ठेवलं, आणि बोलू लागल्या. "ऐका. 'बी' आणि 'सी' पाण्यात विरघळतात. मशीन रक्त धुते तेव्हा त्यांतली थोडी निघून जातात. त्यासाठी मी गोळी दिलीय. 'डी'ला किडनीने तयार करून घ्यावं लागतं. तुमच्या किडनीने ते सोडलं, म्हणून दुसरी गोळी. पण हा 'ए'! हा पाण्यात विरघळत नाही. मशीन त्याला हात लावत नाही. किडनी चांगली असती तर निस्तरलं असतं, ती बसलीय. म्हणजे यायला वाट आहे, जायला नाही. आणि तुम्ही रोज दोन्ही हातांनी आत कोंबताय. डोकं दुखतं?"

"नाही."

"दुखतं," मेहुणा म्हणाला.

"कातडी निघते? हाडं ठणकतात? राग येतो?"

"राग पहिल्यापासून आहे."

"वाढलाय," मेहुणा म्हणाला, आणि या वेळी आधीच स्टूल मागे घेतलं.

"हे विष आहे," डॉक्टरीणबाईंनी कागदावर बोट आपटलं. "असंच चाललं तर यकृत जाईल, हाडं जातील, तुम्ही जाल. कलेजी आजपासून बंद. एक तुकडासुद्धा नाही. आणि हा डावा हात? जड काही उचलत नाही ना याने?"

मेहुणा पुन्हा छताकडे बघू लागला.

बाहेर जिन्यात एकघावने त्याला गळ्याला धरून भिंतीवर चढवला. पाय जमिनीपासून वीतभर वर.

"खाटीकखान्यात एक शब्द बोललास तर जीभ आकड्याला टांगीन."

"दाजी, मराल हो तुम्ही!"

"मरेन तेव्हा मरेन. आतडी नाही धुणार!"

मेहुण्याचे डोळे पांढरे झाले तेव्हा त्याने सोडलं. मेहुणा तीन पायऱ्या घरंगळला, उठला, विजार झटकली आणि म्हणाला, "बसा, स्कूटर काढतो."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. वीस-बावीस खाटीक गोल करून उभे. पहिलं जनावर आकड्यावरून सरकत आलं. पत्र्यावर कलेजी चुरचुरत होती. एकघाव सत्तुराची मूठ फडक्याने बांधत होता, कारण सोललेल्या तळहातांतून ती निसटायची. बांधून झाली आणि त्याने मान वर केली, तर पत्र्यापाशी मेहुणा उभा.

मेहुण्याने भाजलेली कलेजी दोन्ही हातांनी उचलली, हात पोळत असताना, आणि तोंडात कोंबली. सगळी. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, गालांचे दोन फुगे. लहानपणापासून त्याला कलेजीचा वास आला तरी मळमळायचं. पण तो चावत राहिला, आणि बावीस माणसांसमोर त्याने ती गिळली.

असं आजवर कधी झालं नव्हतं. कलेजी नाकारलेली लोकांनी पाहिली होती, हिसकावलेली नव्हती. मुकादमाच्या तोंडातली विडी खाली पडली.

"साल्या!" एकघावचा आवाज आधी पोहोचला आणि मागून तो.

पहिल्या ठोशात मेहुण्याचं नाक गेलं. म्हणजे होतं तिथेच, पण आडवं. दुसऱ्यात तो टांगलेल्या जनावरांच्या रांगेत घुसला, आणि एकामागून एक अशी अकरा धुडं झोके घेऊ लागली. त्या झोक्यांतून वाट काढत एकघाव आत गेला. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त बरगडीचा आवाज यायचा, आणि ती जनावराची नाही एवढं खाटकांना कळत होतं. मेहुणा सापडेल ते फेकत होता, सुरी पुसायचं फडकं, बादली, चरबीचा गोळा. एकदा तर त्याने जनावराचं मुंडकंच फेकलं आणि ते एकघावच्या छातीवर असं बसलं की दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले, एकघाव आणि मुंडकं. मग एकघावने मेहुण्याचा कान दातांत धरला. मेहुण्याने ओरडून अंग टाकलं, दोघं फरशीवरच्या रक्तात घसरले, आणि एकघावचा डावा हात मोकळ्या आकड्यावर गेला.

मनगटावरची ती फुगलेली शीर फाटली.

नुसती शीर कापली तर रक्त वाहतं. ही धमनीला जोडलेली शीर. रक्ताने आधी मुकादमाला आंघोळ घातली, मग भिंत, मग छताचा पंखा, आणि पंखा चालू होता. बावीसच्या बावीस माणसं एका क्षणात लाल झाली. रोज रक्तात घोटे बुडवून उभे राहणारे ते लोक, पण माणसाचं रक्त बघून दोघं तिथेच आडवे झाले.

एकघाव स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. आणि मेहुण्याने, नाक आडवं, कान लोंबतोय, उडी घालून आपला अंगठा त्या भोकावर रोवला. रक्त थांबलं.

"सोड!" एकघाव गुरगुरला.

"नाही सोडत."

"सोड म्हणतो, साल्या, जीव घेईन!"

"घ्या. अंगठा नाही काढत."

दारात बर्फाची गाडी उभी होती, माल भरलेली. दोघांना तिच्यात मागे कोंबलं. वर अर्धी अर्धी जनावरं टांगलेली, खाली हे दोघं, आणि ड्रायव्हर असा सुटला की सिग्नलचे खांब बाजूला सरकले असं लोक म्हणतात. वाटभर एकघाव मोकळ्या हाताने मेहुण्याला बडवत होता. बरगड्या, जबडा, पाठ, लागेल तिथे. गाडी वळली की जनावरं दोघांवर आदळायची आणि मोजणी चुकायची. मेहुणा एका हाताने तोंड वाचवी, दुसरा हात मनगटावरून हलवीना. अर्ध्या वाटेत एकघावचे ठोसे हलके होऊ लागले. पुढे पुढे तर थोपटल्यासारखे. मग हात खाली पडला.

"मारा ना, दाजी," मेहुणा रडत ओरडला. "थांबू नका! मारा!"

दवाखान्यात शीर शिवून झाली तेव्हा मेहुण्याचा अंगठा सरळ होईना. दोन सिस्टरनी धरून तो उघडला. नाक, कान, तीन बरगड्या, असं त्याचं सगळं लिहून घेता घेता कागदाची मागची बाजू लागली.

"यांनी वाटेत अंगठा उचलला असता, तर मी आज फक्त मृत्यूच्या दाखल्यावर सही केली असती," डॉक्टरीणबाई एकघावला म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दोन खाटा शेजारी शेजारी.

"का खाल्लीस?" एकघावने विचारलं.

सुजलेल्या ओठांतून मेहुण्याचे शब्द गळत होते. "तुम्ही नको म्हटलं असतंत, तर उद्यापासून मोरीवर. नको म्हणाला नसतात, तर स्मशानात. मग विचार केला, हिसकावून घ्यावी. ज्याच्याकडून हिसकावली त्याला कोणी आतडी धुवायला लावत नाही, दाजी. तो काय नको म्हणालेला नसतो."

एकघाव कुशीवर वळला. "मग मला आधी सांगायचंस, गाढवा."

"सांगितलं असतं तर तुम्ही मारलं नसतंत."

"मग?"

"मग कोणाला खरं वाटलं असतं?"

खोलीच्या दारात बायको उभी होती, हातात डबा. तिने नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "दोघांपैकी कोणाला आधी मारू, तेवढं सांगा," ती म्हणाली. आणि खाली बसून पदराने डोळे पुसू लागली.

तीन आठवडे खाटीकखान्यात पहिला घाव कोणाचा ते ठरेना. मुकादमाचं म्हणणं, भांडण अर्धं राहिलंय, निकाल लागायचाय. तोवर सहा-सात जण मिळून पहिलं जनावर कसंबसं तोडत आणि कलेजी कुत्र्याला जाई. कुत्रं मात्र अंगावर धावून येऊ लागलं होतं.

चौथ्या आठवड्यात एकघाव आला. तीस पावलांवरून बघूनही कळत होतं की अंग उतरलंय. मनगटाला पट्टी. मागून मेहुणा, कानाला टाके, अंगठा अजून ताठ. मागच्या मोरीवरून थोरला खाटीकही हात निथळत पुढे आला.

पत्र्यावर कलेजी तयार होती. एकघावने ती उचलली. वास नाकात गेला आणि तोंडाला पाणी सुटलं, अकरा वर्षांची सवय ती. ओठांपर्यंत नेली. गरम कलेजीतून वाफ निघत होती. नको म्हणायला तोंड उघडावं, तर ते शब्द त्याच्या घशाला कोणी कधी शिकवलेच नव्हते. खायला तोंड उघडावं, तर घरी बायको होती.

त्याने झटकन वळून मेहुण्याचा जबडा पकडला. बोटं गालांत रुतवून तोंड उघडलं आणि कलेजी आत कोंबली. मेहुणा गुदमरला, पाय झाडू लागला, डोळे बाहेर आले. एकघावने त्याला भिंतीला रेटून तळहाताने तोंड दाबून धरलं.

"गिळ! चावत काय बसलास? गिळ, साल्या! माझी आहे ती, मी देतोय! ऐकलं का रे सगळ्यांनी? मी देतोय!"

मेहुण्याने गिळली. मग एकघावने सत्तूर उचलून, मूठ पुढे करून, त्याच्या छातीवर आदळला.

मेहुणा जनावरापुढे उभा राहिला. खोकला, डोळे पुसले, ताठ अंगठा मुठीवर कसातरी बसवला आणि घातला घाव. मणका निम्म्यावरच अडला. दुसरा. तिसरा. चौथ्या घावाला हुंदक्यासारखा आवाज काढत त्याने जनावर दुभंगलं.

"एकघाव गेला, चारघाव आला!" बर्फवाला खिदळला.

त्यानंतर बर्फवाला बर्फाच्या लादीत कमरेपर्यंत सापडला, आणि त्याला काढायला दुपारपर्यंत पाणी ओतावं लागलं, असं मुकादम अजून सांगतो. एकघावने मुठीवरचा बर्फ झटकला, एक पालथं पिंप ओढलं आणि मेहुण्याच्या मागे, दोन हात अंतरावर, घाव नीट दिसेल असा बसला.

"खांदा खाली घे," तो म्हणाला. "आणि बघत काय बसलात? दुसरं ओढा."